डावीकडचं दार

बॅरी यार्नल्डची पाठ आणि त्याची गाडी, दोघींचं दुखणं सारखंच जुनं होतं. हिरवी, दोन माणसांची, उघडी स्पोर्ट्‌स कार. ती त्यानं लग्नाआधी घेतली, तेव्हा तो किडरमिन्स्टरच्या गालिच्यांच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा. पुढे गिरणी बंद पडली, मुली आपापल्या संसाराला लागल्या, डोक्यावरचे केसही गेले. गाडी मात्र गॅरेजात ठाण मांडून बसली. तिथल्या ओल्या हवेत लोखंडाला स्वस्थता नसते. एकीकडचा गंज काढून पाठ सरळ करावी, तोवर दुसरीकडे रंगाखाली फोड आलेला असतो.

नुसती दुरुस्ती करून थांबला असता तर तो बॅरी कसला. त्यानं पाच गिअरांचा डबा बसवला, पुढचे ब्रेक बदलले, आवाज गोड यावा म्हणून धुराचा पाइप बदलून डाव्या बाजूनं नेला. चालवणाऱ्यासाठी मागे-पुढे सरकणारी कातडी खुर्ची आणली. शेजारची खुर्ची राहिली ती राहिलीच. ग्लेनिस, त्याची बायको, दर फेरीला म्हणायची, "इकडून वारा लागतो रे, आणि पाय भाजतात." बॅरीचं उत्तर ठरलेलं असायचं, "गप्प बस जरा. मी चालवतोय ना."

गेली काही वर्षं तर गाडी रस्त्यावर आलीच नव्हती. शेवटी ग्लेनिसनं एक दिवस चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "येत्या मे महिन्यात, लग्नाच्या वाढदिवसाला, हिच्यातून बार्मथला जायचं. नाही गेलो तर हिला विकायची. मी आता गॅरेजच्या दाराशी जेवण घेऊन येणार नाही." वेल्समधल्या बार्मथच्या समुद्रावर ते लग्नानंतर गेले होते. बॅरी नाही म्हणाला नाही. ती रागावून बोलली असती तर त्याला वाद घालता आला असता.

उजव्या दाराखालचा उंबरा त्यानं मागेच नवा केला होता. डावीकडचा सडून बिस्किटासारखा झाला होता. अशा उघड्या गाडीला वर छप्पर नसतं, तिचा सगळा भार त्या पत्र्याच्या उंबऱ्यांवर. म्हणून उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी जोडायची, नाहीतर गाडी मधोमध खचते. हे बॅरीनं जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या प्रत्येक नवख्याला बजावून सांगितलं होतं. आणि जानेवारीत ग्लेनिस खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात असताना, दोन भेटींच्या मधल्या वेळात, यानं पट्टी न लावताच उंबरा कापला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

नवा पत्रा जोडून झाला, गाडी चाकांवर उतरवली, दार बसवलं. ते मिटेना. बॅरीनं खांदा लावून रेटलं, तेव्हा मिटलं, आणि मग काही केल्या उघडेना.

शेजारच्या गल्लीतला एम्लिन प्यू बघायला आला. तोही याच रोगाचा रोगी, त्याच्या गॅरेजात असली एक पिवळी होती. वाकून त्यानं दाराच्या फटीवरून बोट फिरवलं.

"पट्टी मारली होतीस?"

"नाही."

"अख्ख्या क्लबाला तूच शिकवलंस, लेका."

"माहीत आहे."

"मग असं कसं केलंस?"

"दमलो होतो, एम्लिन."

एम्लिननं पुढची थट्टा गिळली. "परत काप. मधे जॅक लावून उचल, पट्टी मार, मग जोड."

"म्हणजे मे गेला."

"मग दाराची कड घास. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल."

एम्लिन गेल्यावर बॅरी उलट्या बादलीवर बसून राहिला. कापायचं त्राण नव्हतं आणि घासायला मन घेत नव्हतं. विकून टाकावी, असं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं, आणि त्या वाटण्याचंच फार वाईट वाटलं.

वाढदिवसाच्या सकाळी ग्लेनिस काठी टेकत गॅरेजात आली. डब्यात सँडविच, थर्मासात चहा, गळ्यात मफलर. बॅरीनं सगळं सांगून टाकलं.

"दारावरून चढून जायला तुला जमणार नाही," तो म्हणाला. "नव्या खुब्याचं काही झालं तर काय घ्या."

"तुझ्या बाजूचं उघडतं ना?"

"उघडतं. पण तिथून पलीकडे सरकता यायचं नाही, मधे गिअर आहे."

"सरकायचंय कुणाला? डॉक्टरनं गाडी चालवायला हो म्हटलंय. चावी दे."

ग्लेनिसनं निम्मं आयुष्य शाळेची बस चालवली होती. ही गाडी मात्र तिच्या हातात कधी आली नव्हती, आणि तसं कुणी ठरवलंही नव्हतं. तिनं कातडी खुर्ची पुढे सरकवली, काठी मागे टाकली. बॅरीनं दारावरून एक पाय आत टाकला, दुसरा अडकला, पाठीत कळ आली, आणि तो कसाबसा त्या जुन्या खुर्चीत पडला. स्प्रिंग बुडाला टोचली.

ती चालवत होती छान, बसवाल्यांच्या सवयीनं वळणाच्या आधीच वेग कमी करत. वेल्सच्या टेकड्या लागल्या तसा दाराच्या रबरातून गार वारा थेट त्याच्या कानात शिरू लागला. पायाखालचा पत्रा तापला, त्यानं पाय वर उचलले. पाइप या बाजूनं त्यानंच आणला होता. एवढ्या वर्षांत या खुर्चीत तो एकदाही बसला नव्हता, आणि आता त्याला मान वर करायची लाज वाटत होती.

"इकडून वारा लागतो," तो म्हणाला.

"हो का?"

"पायही भाजतात."

शेवटच्या उतारावर खाली समुद्र दिसला.

"घरी गेल्यावर विकायची का मग?" त्यानं भीत भीत विचारलं.

तिनं गिअर खाली घेतला. नजर रस्त्यावरच होती.

"गप्प बस जरा," ती म्हणाली. "मी चालवतेय ना." आणि एका हातानं गळ्यातला मफलर सोडून तिनं त्याच्या मांडीवर टाकला.