रायफल का अडकत होती

माझा नवरा गेला तेव्हा त्याची रायफल गॅरेजमधल्या टेबलावर खोलून ठेवलेली होती. नोव्हेंबरातला शनिवार, सकाळचे दहा. मी आत भाजी चिरत होते. स्टूल पडल्याचा आवाज आला, म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही. जाऊन बघितलं तर तो जमिनीवर होता आणि हातात छोटा स्क्रूड्रायव्हर होता. हार्ट अटॅक. ॲम्ब्युलन्स आठ मिनिटांत आली, पण उपयोग नव्हता. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलेलं. त्याचं मनगट धरलं तेव्हाच मला कळलं होतं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहायचो, स्टेट कॉलेजपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात. तो कारखान्यात इंजिनिअर होता. कॉलेजात असताना एनसीसीत त्यानं पॉइंट टू टू रायफल चालवली होती आणि त्याचा नेम चांगला होता, असं तो सांगायचा. इथे शेजारी राहणाऱ्या एका रिटायर्ड टूलमेकरशी त्याची दोस्ती झाली आणि दोघं दर शनिवारी गावाबाहेरच्या रेंजवर जाऊन कागदाच्या लक्ष्यावर गोळ्या मारायला लागले. शिकार त्यानं कधी केली नाही. घरात अंडंसुद्धा आमच्याकडे नव्वद सालानंतर आलं.

रायफलबरोबर कंपनीचं दहा गोळ्यांचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, होतं. ते उत्तम चालायचं. पण पंचवीस गोळ्यांची लांब मॅगझिन्स बरीच वर्षं नवी मिळत नव्हती, ती कायदा बदलल्यावर पुन्हा कॅटलॉगमध्ये दिसायला लागली. त्यानं चार मागवली. दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीची, धुरकट प्लास्टिकची, केळ्यासारखी वाकलेली. तेव्हापासून रायफल अडकायला लागली. चार गोळ्या नीट सुटायच्या, पाचवी नळीत चढताना तिरकी होऊन बसायची. सप्टेंबर आणि ऑक्टोबर आमच्या घरात हाच विषय होता.

आमचं कॉलेजातलं प्रेमलग्न, त्यामुळे आम्ही एकमेकांशी एकेरीतच बोलायचो. त्या शनिवारी सकाळी चहा घेताना मी म्हटलं, "फेकून दे ना ती प्लास्टिकची भानगड. जुनं मॅगझिन चालतंय ना?"

"मॅगझिन्स चांगली आहेत. दोष रायफलमध्येच आहे," तो म्हणाला आणि कप तिथेच ठेवून गॅरेजमध्ये गेला.

आमचं शेवटचं बोलणं ते.

मुलगा पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून आला. पंधरा दिवस राहिला, सगळे कागद त्यानं केले आणि परत गेला. महाराष्ट्र मंडळातल्या बायका रोज कुणी ना कुणी डबा आणायच्या. माझ्याजवळ बसायच्या, माझा हात हातात घ्यायच्या. त्या रडायच्या आणि मी त्यांना टिश्यूचा डबा द्यायचे. मला रडू येत नव्हतं. दुःख दाबून ठेवलंय असंही नव्हतं. आत काही नव्हतंच. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल बोटांना दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं वाटत होतं. तीन आठवड्यांनी मी कामावर रुजू झाले. नमुने लावायचे, आकडे वाचायचे, सह्या करायच्या. घरी येऊन वरणभात खायचा. मुलगा रविवारी फोन करायचा. "आई, आर यू ओके? आय मीन, खरंच ओके?" मी म्हणायचे, "हो रे, ठीक आहे." आणि त्यात खोटं काही नव्हतं, कारण वाईटही काही वाटत नव्हतं.

डिसेंबरात ते टूलमेकर शेजारी आले. सत्तरी ओलांडलेले, उंच, थोडे वाकलेले. त्यांची बायको पाचसहा वर्षांपूर्वी गेली होती. बूट दारातच काढून ते आत आले आणि कॉफी नको म्हणाले.

"ती रायफल," ते म्हणाले, "मी माझ्याकडे नेऊन ठेवू का? गॅरेजमध्ये थंडीनं गंज चढेल."

मी एकदम म्हणाले, "आधी ती का अडकते ते मला बघायचंय."

असं काही माझ्या मनात आधी नव्हतं. बोलून झाल्यावरच मला कळलं की मी हे बोलले.

"बघू," ते म्हणाले. "आपण दोघं मिळून बघू. पण माझ्या वर्कशॉपमध्ये."

त्यांनी रायफल नेली, चारही मॅगझिन्स नेली, कपाटातले गोळ्यांचे सगळे डबे नेले. ड्रॉवर उघडून आत सुटी गोळी राहिली नाही ना तेही पाहिलं. मला वाटलं, माणूस व्यवस्थित आहे.

लॅबमध्ये मशीन चुकीचे आकडे द्यायला लागलं तर आमची एक पद्धत असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जे चांगलं आहे हे माहीत आहे त्याच्याशी ताडून बघायचं. आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं, कारण आठवणीवर विसंबलं की माणूस स्वतःला हवं तेच आठवतो. मी चार मॅगझिन्सना पांढरी चिकटपट्टी लावून एक ते चार आकडे घातले आणि कंपनीच्या जुन्या मॅगझिनला शून्य. गोळ्या एकाच डब्यातल्या वापरायच्या, प्रत्येक लांब मॅगझिनमधून दोनदा पंचवीस, शून्यातून दहा-दहाच्या खेपा. रेंजवर पत्र्याच्या छपराखाली ते बाकावर बसून गोळ्या मारायचे आणि मी बाजूला उभी राहून वहीत नोंद करायचे. बोटं उघडी असलेले हातमोजे घालून लिहायचे. बर्फ पडून गेलेला असायचा. आमच्याशिवाय तिथे क्वचितच कुणी असे.

रायफल अडकली की ते बोट लगेच ट्रिगरवरून काढायचे, नळीचं तोंड समोरच ठेवायचे, मॅगझिन काढायचे आणि मला बोलवायचे. "हलवायच्या आधी बघून घ्या," असं प्रत्येक वेळी म्हणायचे. मी वाकून बघायचे आणि लिहायचे. दोन नंबर, सहावी गोळी, नाक वर. चार नंबर, तिसरी गोळी, नाक खाली. तीन नंबर, दोन गोळ्या एकदम.

रायफल त्यांनी माझ्या हातात मात्र कधी दिली नाही. जुन्या वळणाचे आहेत, बाईच्या हातात बंदूक देणं त्यांना जड जात असेल, असं मी धरून चालले. मला त्याचं काही वाटलं नाही.

चार शनिवारांत चित्र दिसायला लागलं. शून्य नंबर शंभरात दोनदा अडकलं, बाकीची दर सहासात गोळ्यांना. मग आम्ही त्यांच्या वर्कशॉपमध्ये एकेक मॅगझिन खोललं. वरच्या तोंडाला पत्र्याच्या दोन वळलेल्या कडा असतात, गोळीला त्याच धरून ठेवतात. इंग्रजीत त्यांना ओठच म्हणतात. तीन नंबरचे ओठ फाकलेले होते, म्हणून त्यातून दोन गोळ्या एकदम निसटायच्या. चार नंबरची स्प्रिंग आतल्या भिंतीला घासून अडायची, त्यामुळे गोळी वर यायला उशीर व्हायचा. एक नंबर रायफलमध्ये बसवल्यावर हलायचं. ते म्हणाले, "खालून हातानं दाबून धरून मारून बघतो," आणि तसं केल्यावर पंचवीसच्या पंचवीस गोळ्या सुटल्या. दोन नंबरमध्ये पूर्ण पंचवीस भरल्या तर अडायचं आणि वीस भरल्या तर चालायचं.

म्हणजे दोष मॅगझिन्समध्येच होता. मी चहावर म्हटलं होतं तसा. ते वहीत लिहिताना मला जिंकल्याचा आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. आकडा लिहावा तसं लिहिलं.

पण शून्य नंबर दोनदा अडकलं होतं. त्याचा उलगडा होत नव्हता. लॅबमध्ये ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तोच नमुना बिघडला तर आम्ही सगळं थांबवतो. मी तसं त्यांना सांगितलं. त्यांनी रायफलचे भाग वेगळे केले, डोळ्याला भिंग लावलं आणि नळीच्या मागच्या तोंडापाशी बॅटरी धरली. गोळी मॅगझिनमधून नळीत चढते तिथे बोटाच्या नखाएवढा एक छोटा उतार असतो.

त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे दिलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"तुम्हीच बघा."

भिंगातून त्या उतारावर तिरप्या बारीक रेघा दिसल्या. ताज्या आणि चकचकीत.

"हे कारखान्यातलं काम नाही," ते म्हणाले. "कानशीनं घासलंय. ऑक्टोबरात त्यानं माझ्याकडून बारीक कानस मागून नेली होती. स्वयंपाकघरातला ड्रॉवर अडतोय म्हणाला."

आमच्या स्वयंपाकघरातला कुठलाच ड्रॉवर अडत नव्हता.

म्हणजे स्वतः निवडलेली मॅगझिन्स वाईट असू शकतात, हे मान्य करण्याऐवजी त्यानं चांगल्या रायफलला कानस लावली होती. आणि ते चुकलंय हे बहुतेक त्याला कळलंही होतं. म्हणूनच त्या सकाळी तो चिडून उठला. हा असाच होता. आमचा पहिला व्हीसीआर त्यानं असाच कायमचा बंद पाडला होता. मला हसू आलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. ते दोन सेकंद टिकलं आणि परत सगळं सपाट झालं, पण आलं हे मला कळलं.

त्यांनी एका लाकडी काडीला अतिशय बारीक पॉलिश पेपर गुंडाळला आणि सबंध दुपार बसून त्या रेघा हळूहळू घालवल्या. जितकं कमी घासता येईल तितकंच. तीन नंबरचे ओठ त्यांनी पकडीनं केसभर आत घेतले. चार नंबर फेकून दिलं. एक नंबर रायफलमध्ये जिथे बसतं त्या खाचेवर पत्र्याची पातळ पट्टी चिकटवली. मार्चमध्ये आम्ही परत रेंजवर गेलो. शून्य, एक, दोन आणि तीन, सगळ्यांतून मिळून दोनशे गोळ्या. दोन नंबरमध्ये वीसच भरल्या. एकही अडकली नाही. मी वहीत शेवटची रेघ मारली.

गाडीत बसताना मी म्हटलं, "आता काम झालं. रायफल घरी नेते मी."

त्यांनी किल्ली लावली होती, पण गाडी चालू केली नाही.

"डिसेंबरात तुमच्या मुलाचा फोन आला होता," ते म्हणाले. "रायफल तुमच्या घरातून काढा म्हणाला. त्याला भीती वाटत होती."

समजायला मला थोडा वेळ लागला.

"मी तसलं काही करीन असं तुम्हाला वाटलं?"

"मला माहीत नव्हतं. तुम्ही भाजीबद्दल आणि त्याच्या मरणाबद्दल एकाच आवाजात बोलत होता." ते समोरच्या काचेकडे बघत होते. "माझी बायको गेली तेव्हा माझा भाऊ आला आणि मला न विचारता माझ्या सगळ्या बंदुका घेऊन गेला. बरोबरच केलं त्यानं. पण मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. तुमच्याशी तसं करायचं नव्हतं. तुम्ही म्हणालात की का अडकते ते बघायचंय. मला वाटलं, बरं झालं. दर शनिवारी तुम्हाला बघता तरी येईल."

मला राग यायला हवा होता. माझ्या मुलानं आणि या माणसानं माझ्याबद्दल परस्पर ठरवलं होतं. मी रागाची वाट बघितली, तो आला नाही. मनात तसला विचार कधी आला होता का, हे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नव्हता आला. पण त्या चार महिन्यांत माझ्या मनात कुठलाच विचार आला नव्हता, हेही तितकंच खरं होतं. त्यांची चूक झाली असं मी छातीठोकपणे म्हणू शकले नाही.

"रायफल तुमच्याकडेच राहू दे," मी म्हटलं.

रविवारी मुलाचा नेहमीचा फोन आला. त्यानं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "शेजारच्या काकांनी मला सांगितलं."

तो म्हणाला, "आई, सॉरी. आय डिडन्ट नो व्हॉट टू डू. तू रडत नव्हतीस. ॲट ऑल."

"मला येतच नाही रे रडू."

"आय नो. तेच स्केरी होतं."

"पण तू मला विचारायचंस."

"विचारलं ना. एव्हरी संडे. तू म्हणायचीस ठीक आहे."

आणि तो रडायला लागला. एकोणतीस वर्षांचा माणूस, बापाच्या क्रियाकर्माच्या वेळी सगळ्यांचे चहा बघणारा, फोनवर मोठ्यानं रडत होता. त्याचा बाप गेला होता आणि चार महिने तो माझीच काळजी करत बसला होता, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. मी फोन कानाला लावून बसून राहिले. "बोल," असं अधूनमधून म्हणत राहिले. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो, बरंचसं त्याच्या बाबांच्या हट्टीपणाबद्दल. कानशीची गोष्ट मी त्याला सांगितली. "ओ गॉड, द व्हीसीआर," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये शेजारी स्वतःच म्हणाले, "या शनिवारी तुम्ही मारून बघा." रेंजवर त्यांनी मला बाकावर बसवलं, कानावर आवाज अडवणारे मोठे हेडफोन चढवले, खांद्याला रायफल कशी टेकवायची ते दाखवलं आणि तीन नंबरचं मॅगझिन भरून माझ्या हातात दिलं. मी पंचवीस गोळ्या मारल्या. घाई केली नाही. पहिल्यांदाच मारत होते, कागदावर सहाच भोकं पडली. बाकीच्या मागच्या मातीच्या ढिगात गेल्या. रिकामी पितळी टरफलं टेबलावर पडून घरंगळत होती आणि हाताला कोमट लागत होती.

त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"एकही अडकली नाही," मी सांगितलं.