वहीत तीनदा कौतिक

निंबोल्याच्या दगाजींना राग यायला कारण लागत नसे. तरी एक कारण त्यांनी घराण्याची ठेव म्हणून जपलं होतं, ते म्हणजे बहादरपूरचा कौतिक. तो मरून साठ वर्षं झाली होती. निंबोल्यातल्या एका लग्नात पानावर तूप पोचलं नाही, म्हणून हा गृहस्थ भरल्या पंगतीतून उठला आणि अख्ख्या बहादरपूरला उपाशी परत घेऊन गेला. पुढे बऱ्हाणपुराला इंग्रजांची आगगाडी आली, पण दगाजींच्या घरात ती पंगत अजून उठलेलीच होती. मोटेचा दोर तुटला तरी ते "कौतिकची अवलाद" म्हणत.

आणि त्यांच्या लेकीला, भागीला, स्थळ आलं ते नेमकं कौतिकच्या खापरपणतूचं, लीलाधरचं. पोरगा कष्टाळू होता. भागीने त्याला बुधवाऱ्याच्या बाजारात लांबून पाहिलं होतं आणि त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी करपवल्या होत्या. दगाजींनी सांगून टाकलं की पोर जन्मभर घरी ठेवीन, पण त्या रक्तात देणार नाही. भागीने जेवण सोडलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या आईने, मालूबाईंनी, घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणाऱ्या यादव भाटाला बोलावलं. पिढ्या तर मोजून घेऊ, म्हणाल्या. रीत अशी की भाटाने वहीतलं नाव वाचायचं आणि घरधन्याने त्या पूर्वजाला हात जोडून ओंजळभर ज्वारी सुपात टाकायची. सुनांच्या बापांनाही तोच मान.

दगाजींची पणजी निघाली बहादरपूरच्या कौतिकची लेक. नाव ध्यानात येईपर्यंत ओंजळ पडूनही गेली होती. बाईचं माहेर तिसऱ्या पिढीला कोण लक्षात ठेवतं? दगाजी म्हणाले, दुसरा कोणी कौतिक असेल. यादवने पान उलटलं. आईची आजी कौतिकची धाकटी लेक. दुसरी ओंजळ दात खाऊन पडली. मग मालूबाईंकडची वही उघडली, तर त्यांचा पणजोबाही तोच. यादव म्हणाला, लीलाधरचं कूळ वेगळं, पिढ्याही बसतात, सोयरीक होऊ शकते.

दगाजी ताडकन उठले. डोक्याला पागोटं गुंडाळलं, पायात जोडा घातला. "चला रे, उठा सगळे. या घरात आता पानी नाही प्यायचं."

घर त्यांचंच होतं. कोणीही हललं नाही.

मालूबाईंनी सूप जवळ ओढलं. "भागीचे बाप, खाली बसा. घरात तीन कौतिक झाले, चौथा नको."

दगाजी तसेच उंबऱ्यात उभे राहिले. चेहरा लाल. खापरपणजोबाला शिवी द्यावी तर ती तीन वाटांनी आपल्याच अंगावर येत होती. आत चुलीपाशी भागी उपाशी बसली होती. हट्टसुद्धा त्याच घराण्यातला. त्यांनी जोडा काढून भिंतीवर आपटला.

"लिहा बहादरपूरला," ते यादववर खेकसले. "पोर देतो. पन त्यांच्या पंगतीत तूप कमी पडलं, तर पयला मी उठीन."

मग आत पाहून ओरडले, "आता हिला कोनी जेवू घालतं का नाही?"