अर्धं बी

बोईसरच्या बाजारात ती रोज भाजी घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती मला ‘बाय’ म्हणायची, मी तिला ‘मावशी’.

एकदा आईने साताऱ्याहून घेवड्याचं बी पाठवलं. तिच्याकडचं शेवटचं, जेमतेम मूठभर. मी कौतुकाने ते मावशीला दाखवायला नेलं. तिने एक दाणा दाताखाली धरून पाहिला, मान डोलावली आणि अर्धे दाणे सरळ पदराच्या गाठीत बांधले.

‘अहो मावशी, मला लावायचंय ते!’

‘तू पण लाव ना. एकाच घरात ठेवलेलं बी उंदराचं,’ ती हसत म्हणाली.

मला रागच आला. पुढे माझ्या कुंडीतलं बी पावसात कुजलं. तिला सांगताना मला रडू आलं. तिचे हात मेथीच्या जुड्या बांधतच राहिले.

‘माजं कोंबड्यांनी उकरलं. पण थोडं सफाळ्याला बहिणीला दिलेलं. तिच्या कुंपणावर वेल चढलाय, रडतेस काय?’

थंडी सरताना तिने राखेत घोळवलेलं बी माझ्या ओंजळीत ओतलं. ‘आता अर्धं शेजारणीला दे. लपवून नाय ठेवायचं.’

चार वर्षं समोर राहणाऱ्या बिहारच्या बाईंची बेल मी त्या दिवशी पहिल्यांदा दाबली. त्यांनी दाणे हातात घेऊन निरखले, ‘रुको’ म्हणाल्या आणि आतून औषधाच्या बाटलीत जपलेलं त्यांच्या गावचं भोपळ्याचं बी घेऊन आल्या.