टीव्हीवरची खोटी कुस्ती

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वेडंवाकडं. चौथीनंतर शाळा सुटली, तेवढं सांभाळून घ्या. आज गिरणीत हळदीचा वास आला आणि ती दुपार आठवली. तालमीच्या तांबड्या मातीत हळद, तेल, ताक मुरवतात. तोच वास अंगावर घेऊन भावाचे वस्ताद आमच्या खोलीत आले होते. धाकटा भाऊ कुस्तीच्या मैदानात मानेवर पडून खाटेला खिळला होता आणि दवाखान्याचे पैसे वस्तादांनीच भरले होते. आम्ही दोघं भावंडं टीव्हीवर ती परदेशी कुस्ती बघत होतो. कोल्हापुरात, तेही पैलवानाच्या घरात, ती आवडणं म्हणजे लाजच. वस्ताद दारातूनच ओरडले, "काय बघतीस गं ही नाटकं? समदं ठरवून असतंय की! पडणाराबी खोटा!" तेवढ्यात पडद्यावरचा एकजण मानेवर आपटला. 'पण तो पुढच्या आठवड्यात उठून येतो, म्हणूनच बघते,' हे माझ्या अगदी ओठावर आलं. पण त्यांचे पैसे आठवले. "व्हय वस्ताद," म्हणत मी टीव्ही बंद केला आणि चहा ठेवायला गेले. ते गेल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "आक्का, लाव की परत. त्यो उठला का बघू." भाऊ अजून खाटेवरच आहे आणि मला अजून ती खोटी कुस्तीच चांगली वाटते. हे लिहायचं धाडस आज झालं, कारण सकाळीच वस्तादांचे सगळे पैसे फिटले.