दुखण्याची भाकरी

घाटकोपरच्या त्या बारा खाटांच्या धर्मादाय दवाखान्यात सुगंधाबाई नर्स होत्या, आणि दुखणं मोजायचं त्यांचं माप कुठल्याच पुस्तकात नव्हतं. "दुखतंय का?" विचारलं की रोगी एक तर रडायचा, नाही तर नुसती मान हलवायचा. त्यावरून औषध काय डोंबल ठरणार? म्हणून बाई विचारायच्या, "किती भाकरी दुखतंय?" चतकोर, अर्धी म्हणाला तर गोळी; पाऊण, अख्खी म्हणाला तर मॉर्फियाचं इंजेक्शन. डॉक्टर श्यामकांत आधी हसले होते. १९५४ साल उजाडेपर्यंत तेही राउंडला भाकरीच विचारू लागले.

त्या वर्षी लवू आला. देवगडकडचा, गिरणीत कामाला, मांडीच्या हाडात गाठ. त्याचं मालवणी कानावर पडलं की बाईंचा जीव गावाकडे धावायचा. नवरा गेल्यावर त्या मुंबईत आल्या, त्याला चौदा वर्षं झाली होती. गावी वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं, तरी ओढ काही सुटत नव्हती. काम नसलं तरी त्या लवूच्या खाटेशी घुटमळायच्या.

लवू रोज म्हणायचा, "चतकोर." आठवडाभर त्याला गोळीच मिळाली.

मग एका सकाळी चादर बदलताना बाईंना त्याच्या उशीचा कोपरा दिसला. चावून चावून चिंध्या झालेला. त्या चरकल्या. दुपारी ताटात अर्धी भाकरी वाढायला गेल्या, तर लवूने ताटावर हात आडवा धरला. "पुरे, बाय. चतकोर पुरे."

बाईंना स्वतःचाच राग आला. लोकांच्या घरी अख्खी मागायची नाही, हे त्याही आईचे चिमटे खाऊनच शिकल्या होत्या! आणि इतकी वर्षं त्या रोग्यांना परक्याच्या पंगतीत बसवून भूक विचारत होत्या.

त्या खाटेवर टेकल्या. कित्येक वर्षांत न बोललेली भाषा तोंडात आली. "लवू, आवशीन वाढल्यान तर किती घेशीत?"

आईचं नाव ऐकताच लवूने ताटावरचा हात काढला. "अख्खी," तो म्हणाला. "अख्खीच, बाय. आणि वर आणखी येक." आणि तो ढसाढसा रडला.

बाईंनी डॉक्टरांना बोलावलं, इंजेक्शन दिलं. हळूहळू लवूची मूठ सैल पडली. डोळे मिटता मिटता त्याने विचारलं, "आणि बाय, तुमका कोण वाढता?"

बाईंनी त्याची चादर सारखी केली, उशीचा चिंध्या झालेला कोपरा आत खोचला.

"कोणच नाय रे," त्या शेवटी म्हणाल्या. पण तोवर लवूला झोप लागली होती.