बोलता येईल असा गिअर

अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टर माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "सायकल चालवा, पण दम लागता कामा नये. चालवता चालवता बोलता आलं पाहिजे." घ्या! लग्न होऊन बारा वर्षं झाली, या माणसाने माझ्याशी 'चहा झाला का' यापलीकडे शब्द काढला नव्हता. नवऱ्याने त्यांना गिअरची सायकल घेऊन दिली आणि वर तंबीही दिली, "बाबा, एकदा जरी धापा टाकल्यात तर सायकल विकून टाकेन." सोबतीला मैत्रिणीकडून आणलेल्या गिअरच्या सायकलवर पहारेकरी म्हणून मी.

बाबा धाराशिवकडचे. सगळी नोकरी साध्या सायकलवरून कंपनीत जाऊन केलेली. चढ आला की सीटवरून उठायचं आणि दणादण पॅडल मारायचं, एवढंच ठाऊक. पहिल्याच दिवशी पिंपळे सौदागरच्या पुलावर त्यांनी तेच केलं आणि अर्ध्या चढात, पायाचा जोर तसाच ठेवून, गिअर बदलला. चेन अशी कडकडली की मागून मी करकचून ब्रेक दाबला. बाबा उतरले, छातीचा भाता नुसता हलत होता. सायकलकडे असं बघत राहिले, जणू आता कोणी ती काढूनच घेणार आहे. घरी गेल्यावर नवऱ्याला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

पण काय चिकाटी हो त्या माणसाची! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या बोलण्यावरच गिअर लावला. वाक्य मध्येच तुटलं की गिअर हलका. पाय नुसतेच भिरभिरायला लागले की एक जड. आणि चढ दिसला की तो अंगावर यायच्या आधीच बदल. बोलायचं म्हणून बोलताना मग काय काय बाहेर आलं! नोकरीला लागल्यावर खोलीवर सहा जणांनी मिळून केलेलं कच्चं पिठलं, नवी नवरी असताना लिफ्टला घाबरून पाच मजले चढणाऱ्या माझ्या सासूबाई. हसून हसून माझ्या हातून हँडल सुटायचंच बाकी राहायचं.

एका रविवारी आम्ही देहूरोडच्या पुढे घोरवडेश्वराच्या डोंगराजवळच्या चढाला लागलो. बाबा पुढे, गावाकडच्या बैलाची गोष्ट सांगत. आणि मध्येच गप्प.

"बाबा!" मी जीव खाऊन ओरडले.

"वरडायलीस कशाला?" ते मजेत पॅडल मारत होते. "गोष्ट संपली. माझं सगळंच सांगून झालं बघ. आता तू सांग."

"काय?"

"तुझ्या माहेरचं. इतकी वर्षं झाली, मी कधी इचारलंच न्हाई."

मला थेरगावचं घर सांगायचं होतं, आईचं सांगायचं होतं. पण बाबांना गाठायच्या नादात जड गिअरवर मला चांगलीच धाप लागली होती. तोंडातून शब्द फुटेना.

"हलका घे आधी," ते म्हणाले. "मग सांग. घाई न्हाई."

मी गिअर हलका केला. माथ्यापर्यंत मी बोलत होते आणि बाबा 'हं, हं' करत ऐकत होते.

घरी नवरा दारातच उभा. "बाबा, खरं सांगा. दम लागला?"

"लागला की," बाबा बूट काढत म्हणाले, "तुझ्या बायकोला."