गंजलेली टाकी आणि हिरवा साबण

नोकरीतले बहुतेक पंचनामे मी विसरलो. विसरलो नसतो तर निवृत्तीनंतर अन्न गोड लागलं नसतं. पण एका पंचनाम्यातली एक ओळ काही केल्या डोक्यातून जात नाही. 'हिरव्या रंगाच्या, कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा, आकार चिंचोक्याएवढा.' त्या ओळीच्या जोरावर मी एका निरपराध माणसाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊन उभं केलं होतं. नावं सांगत नाही. हकीकत सांगतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला, बेंबळीच्या बाजूच्या रस्त्यावर एका पिकअपनं मेंढपाळाच्या बायकोला उडवलं. बाई पन्नाशीची, कळपाच्या मागून चालत होती. नवरा पुढे होता. धडक बसली इथपर्यंत तो अपघात होता. पण चालक गाडी थांबवून खाली उतरला, बाईला बखोटीला धरून उचललं, वेड्या बाभळीच्या आडोशाला नेऊन टाकलं आणि निघून गेला. कुत्रं भुंकायला लागलं म्हणून नवरा मागं पळत आला, तेव्हा त्याला पांढऱ्या पिकअपची पाठ तेवढी दिसली. बाईला जिल्हा रुग्णालयात हलवलं. ती शुद्धीवर नव्हती.

जागेवर आम्हाला दोनच गोष्टी सापडल्या. एक, डिझेल. गाडी जिथं थांबली तिथं ताटलीएवढं ओलं, आणि तिथून पुढे तेर गावाच्या दिशेनं थेंबाथेंबाची रेघ, थोड्या अंतरावर विरून गेलेली. दुसरी, त्या ओल्या जागेत पडलेला तो साबणाचा तुकडा. पंच म्हणाले, बाईचाच असेल, धुणं धुवायला निघाली असेल. मी तो मुद्देमालात घेतला, कारण मला सगळंच घ्यायची सवय होती. सीसीटीव्ही म्हणाल तर फाट्यावरचा एकमेव कॅमेरा बंद पडलेला. टॉवर लोकेशन म्हणाल तर त्या पट्ट्यातली चार गावं एकाच टॉवरखाली.

बुधवारी सकाळी ठाण्याच्या आवारात घोंगड्या टाकून मेंढपाळांचा सगळा वाडा, म्हणजे तळावरची सगळी कुटुंबं, येऊन बसला. ओरडणं नाही, घोषणा नाही. नुसते बसून माझ्या खिडकीकडं बघत होते. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट असतं. वरून फोनावर फोन चालू होते.

तेवढ्यात एक माणूस आपणहून आला. तिशीतला, स्वच्छ सदरा, स्वतः पिकअप चालवणारा. खुर्ची ओढून माझ्याजवळ सरकला.

"साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका. पण येरमाळ्याकडं एक जुनी पांढरी पिकअप हाय, तिची टाकी लई दिवसांची गळती. आमी गाडीवाले त्याला चिडवतो, तू हरवलास तर थेंब बघत बघत घर सापडंल म्हणून."

अशी खबर मिळाली की अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मी त्याला चहा पाजला, पाठीवर हात मारला आणि हवालदाराला गाडी काढायला सांगितली.

तो पिकअपवाला चाळिशी ओलांडलेला, अंगानं किडकिडीत. त्याची जुनी गाडी चहूबाजूंनी चेपलेली. आम्हाला बघून तो घाबरला नाही, याचाच मला राग आला. हवालदारानं बाजूनंच वाकून पाहिलं आणि हसला. "साहेब, टाकी नवीकोरी हाय, गळकी काढून लपवली. काम आटपलं."

ठाण्यात आणून समोर बसवला. "टाकी कधी बदललीस?"

"रविवारी, साहेब. जुनी पार गंजली होती. गंजाचा कचरा फिल्टरमधी जायचा, गाडी चढावर बंद पडायची. खालून गळायची ती येगळीच. सहा महिने साबणावर चालवली."

"साबणावर?"

"व्हय की. भोक पडलं की कपड्याचा साबण दाबून बसवायचा. डिझेलला दाद देत न्हाय त्यो. मालकीण लई शिव्या घालायची, धुण्याचा साबण गाडीला खाऊ घालता म्हणून."

"कुठला साबण?"

"हिरवा."

मी पंचनामा पुढं ओढला. त्याच्या तोंडून आयताच पुरावा पडला होता. तो बिचारा खरं सांगत होता आणि मी फास आवळत होतो.

येरमाळ्याच्या गॅरेजच्या मिस्त्रीला आणवलं. हात ग्रीसनं माखलेले, नजर जमिनीवर. टाकी त्यानंच बदलली होती. कधी?

"आज सकाळी, साहेब. सात वाजता आलते. लई घाई केली."

म्हणजे अपघातानंतर! पिकअपवाला खुर्चीवरून उठलाच. "मिस्त्री, आरं देवाला भिऊन बोल! रविवारी न्हवतो का आपण? तू जॅक लावला, म्या पट्टे धरले!" मिस्त्रीनं मान वर केली नाही. मी पिकअपवाल्याला खाली बसवला, जोरात. मंगळवारी चारला कुठं होतास? तर म्हणे शेतात, लिंबाखाली झोपलो होतो, एकटाच. पाहणारं कोण? कुणी नाही.

मग मी विचारायचं सोडलं आणि वदवून घ्यायला लागलो. पोलिसातला माणूस असेल त्याला यातला फरक समजेल. हातही उगारला. तो पडला नाही, याचं श्रेय मला नाही. नेमका रुग्णालयातून फोन आला, बाईचं काही सांगता येत नाही म्हणून. बाई गेली तर कलम वाढणार होतं, आणि या माणसाच्या आयुष्याची दहा वर्षं तरी कुठं गेली नव्हती. त्याची बायको भाकरी घेऊन आली, तिला मी दारातूनच परत लावली. तो एकच गोष्ट घोकत होता. "साहेब, नवी टाकी वाकून बघा की. सोमवारी तिच्यावर डांबर उडालंय. म्या पुसाय गेलो तर हात काळे झाले." दिवसभरात पाच-सहा वेळा तरी म्हणाला असेल. हवालदार वैतागून म्हणाला, याचं डोकं फिरलंय.

गुरुवारी त्याला न्यायालयात हजर करायचं होतं. कागद तयार होते. सकाळी नेताना तो पुन्हा तेच म्हणाला. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, चल, तुझ्या समोर बघतो आणि तुझं तोंड एकदाचं बंद करतो. आवारात गाडी उभी होती. कडक इस्त्रीचा गणवेश घालून मी जमिनीवर आडवा झालो आणि गाडीखाली सरकलो. मेंढपाळ उठून उभे राहिले.

टाकीच्या बुडाला काळे शिंतोडे होते. वाळलेले, त्यात खडीची बारीक कच चिकटलेली. नखानं खरवडलं तर डांबर. एक-दोन नाही, सगळं बूड भरलेलं.

मी तसाच पडून राहिलो. बाहेरून हवालदार विचारत होता, साहेब, काय झालं? बेंबळीच्या रस्त्याला डांबर टाकलं होतं, ते मलाही माहीत होतं. सोमवारी माझ्याच जीपला लागलं होतं. उठून रस्त्याच्या ठेकेदाराच्या मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, "काम सोमवारी एकच दिवस होतं, साहेब. संध्याकाळी कच टाकून मशीन पार दुसऱ्या तालुक्यात गेली. मंगळवारपासून थेंब उडायचा संबंध न्हाय." जिल्ह्यात त्या आठवड्यात दुसरीकडं डांबराचं काम नव्हतं, तेही विचारून घेतलं.

म्हणजे नवी टाकी सोमवारी या गाडीला होती. मग मंगळवारी जी गळत होती ती कुणाच्या गाडीला होती?

मिस्त्रीला जबाबावर सही करायला बोलावलंच होतं. मी माझं काळं बोट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"टाकी बुधवारी बसवलीस ना? मग सोमवारचं डांबर तिला लावलं कुणी?"

तो हाताचं ग्रीस पुसायला लागला.

"जुनी टाकी कुठंय?"

"भंगारात दिली."

"भंगारवाला तुमच्याकडं बाजाराच्या दिवशी येतो. बाजार अजून भरायचाय. टाकीला काय पाय फुटले?"

मिस्त्री रडायलाच लागला. "साहेब, मेहुण्याच्या गाडीची टाकी ह्याच्यापरीस सडली होती. बूड हातात आलं. ही निदान साबणावर चालत होती. फेकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून रविवारीच तिकडं बसवून दिली. मंगळवारी रातच्याला त्यानं समदं सांगितलं, पाया पडला. बायकोचा सख्खा भाऊ हाय, साहेब. म्या काय करू?"

"आहे कुठं तुझा मेहुणा?"

त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. समोरच्या टपरीवर, स्वच्छ सदरा घालून, बुधवारी मी ज्याला चहा पाजला तोच माणूस उभा होता. काय चाललंय याचा अंदाज घ्यायला आला होता. आम्हाला येताना बघून त्यानं मोटारसायकलला किक मारली. हवालदारानं धावत जाऊन किल्ली काढून घेतली.

त्याची पिकअप तेरजवळ सासऱ्याच्या शेतात कडब्याच्या गंजीमागं सापडली. पुढचा बंपर चेपलेला. खाली ती जुनी गंजलेली टाकी, आणि भोकावर हिरवा साबण, अर्धा निखळलेला. मुद्देमालातला तुकडा तिथं धरला. बोटानं दाबल्याची खूण या तुकड्यावरून त्या तुकड्यावर नीट जात होती. एवढा हुशार माणूस, पण टाकी काढून विहिरीत टाकायचं त्याच्या जिवावर आलं, कारण टाकीशिवाय गाडी बसून राहिली असती.

आमच्याकडं लोक वस्तू टाकत नाहीत. एकाची निकामी झालेली दुसऱ्याकडं चार वर्षं चालते. मी याच जिल्ह्यात वाढलो, माझ्या घरची मोटार तीन विहिरींवर फिरलेली. तरी मी टाकीचा माग काढला आणि गाडी पकडली. टाकी आणि गाडी वेगळ्या असू शकतात हे मला सुचलं नाही, कारण मला आरोपी मिळाला होता. आरोपी मिळाला की डोळे आपसूक मिटतात. तरुण अधिकाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. एक गोष्ट मात्र सांगत नाही, ती इथं लिहितो.

पिकअपवाल्याला सोडलं त्या दिवशी मी त्याला माझ्या समोर खुर्चीत बसवलं आणि चहा मागवला. "घे, चहा घे," म्हणालो. तो कपाकडं बघत बसला. चहावर साय धरली. मग उठून म्हणाला, "येऊ का, साहेब?" आणि गेला. मी हवालदाराला म्हणालो, गुर्मी बघ याची!

बाई आठवड्यानं शुद्धीवर आली आणि वाचली. तिचा नवरा माझ्याकडून पिकअपवाल्याचं गाव विचारून घेऊन गेला. त्याच्या दारात जाऊन हात जोडून म्हणाला, "तुला लई शिव्याशाप दिले रं बाबा, माफ कर." रुग्णालयातून बाईला वाड्यावर आणायचं होतं, तेव्हा त्याच पिकअपमध्ये गादी टाकून, खड्डे चुकवत, पिकअपवाल्यानं तिला नेऊन पोचवलं. मला हे हवालदाराकडून कळलं. दोन दिवस मला झोप लागली नाही.

मेंढपाळानं माफी मागितली, त्याला ती मिळाली. मी मागितलीच नव्हती. मी चहा मागवला होता.

नाव लिहिलं नसलं तरी वाचलं तर त्या पिकअपवाल्यांना कळेल. दादा, माझं चुकलं. तुम्ही सांगत होता. मी बुधवारीच वाकून बघायला हवं होतं.